बालकाच्या हाती सूक्ष्मदर्शक

अलीकडे लहान मुलांकरिता तयार केलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या पेट्या बाजारात सहज मिळू लागल्या आहेत. मुलगा परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, किंवा मुलीचा वाढदिवस आला, म्हणजे हौशी पालक अशी एखादी पेटी घरी आणतात. पहिल्या दिवशी घरातील झाडून सारी मंडळी तिच्याभोवती जमतात. मुंगीची तंगडी, साखरेचा कण, डोक्याचा केस इत्यादी पाहून सर्वांस मोठे कौतुक वाटते. आठ-पंधरा दिवसांनी मात्र तेच यंत्र कपाटावर धूळ खात पडलेले आढळते. असे का व्हावे? यंत्र वाईट होते असे नव्हे, अथवा मूल मंदबुद्धीचे होते असेही नव्हे. मुलाच्या हाती यंत्र दिले गेले, परंतु पाहावे कसे हे कोणी दाखविले नाही, हेच त्याचे कारण होय. पेण व रोहे या बाजूच्या आपल्या घरांतून ही उणीव कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लहान वस्तू मोठी दिसणे म्हणजे विज्ञान नव्हे. तो तर जत्रेतील आरशातही दिसणारा चमत्कार आहे. आपणांस जे दिसले आणि आपणांस जे वाटले, या दोहोंतील भेद ओळखणे, येथून विज्ञानाचा आरंभ होतो. हा भेद मुलास शिकविण्याकरिता सूक्ष्मदर्शकाइतके सोईचे साधन दुसरे क्वचितच सापडेल. तेवढे साधले, तर पेटीचे पैसे सत्कारणी लागले असे समजावे.

पाच-सहा वर्षांच्या मुलास सूक्ष्मदर्शक देण्याची घाई करू नये. त्याचा एक डोळा मिटत नाही, हात स्थिर राहत नाही, आणि काही दिसले नाही म्हणजे ते हिरमुसले होते. त्याला आधी पाच किंवा दहा पट मोठे दाखविणारे साधे हातभिंग द्यावे. आळवाच्या पानावरील पाण्याचा थेंब, मुंग्यांची रांग, शेवग्याचे फूल, भाताची लोंबी, हीच त्याची पहिली पाठ्यपुस्तके होत. आठ-नऊ वर्षांचे वय झाले, एका जागी पाव तास बसून पाहण्याची सवय लागली, म्हणजे यंत्र पुढे आणावे.

किंबहुना उत्तम निरीक्षणास नेहमीच मोठे यंत्र लागते असेही नाही. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हे १९३० साली अलिबागजवळील किहीम गावी राहत होते. हाती नोकरी नव्हती. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली, आणि दिवसेंदिवस ते त्या घरट्यांवर लक्ष ठेवून नोंदी करीत राहिले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन त्याची पाहणी करते, पसंत पडल्यास त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीकरिता दुसरे घरटे विणावयास घेतो, ही हकीकत त्यांनी अशी उकलून काढली. शेकडो वर्षे कोकणातील माणसे सुगरणीची घरटी पाहत होती; परंतु रोज पाहून, जे दिसले तेवढेच वहीत लिहून ठेवणारा मनुष्य विरळा.

आता यंत्राकडे वळू. नळीच्या वरच्या टोकास, जेथे आपण डोळा लावतो, ते नेत्रभिंग. खालच्या टोकास, वस्तूजवळ असते ते वस्तुभिंग. नेत्रभिंग दहा पट व वस्तुभिंग चार पट मोठे दाखविणारे असेल, तर दोहोंचा गुणाकार करून वस्तू चाळीस पट मोठी दिसते. पुष्कळ पेट्यांवर बाराशे पटींची ऐट मिरविलेली असते. तिला भुलून जाऊ नये. प्रकाशाच्या साहाय्याने पाहताना बारकाव्याला एक नैसर्गिक मर्यादा पडते, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ साली सिद्ध केले. अत्यंत उत्तम भिंगांनीही एका मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू निराळे दिसू शकत नाहीत. खेळण्यातील भिंगांची मर्यादा तर याहून पुष्कळच अलीकडे येते. तेथून पुढे वस्तू मोठी होत जाते, पण स्पष्ट होत नाही. ओल्या कागदावरील शाईप्रमाणे ती नुसतीच पसरते. यास्तव चाळीस व शंभर पट यांवरच मुलाचे बहुतेक काम व्हावे.

पहिला धडा वर्तमानपत्रातील एका बारीक अक्षराचा असावा. 'ग' हे अक्षर कापून काचपट्टीवर सरळ ठेवावे व मुलास पाहावयास सांगावे. ते उलटे दिसेल. पट्टी उजवीकडे सरकविली तर अक्षर डावीकडे जाईल. 'असे का?' म्हणून मूल विचारील. त्याला लगेच उत्तर न देता, अक्षर वरचे खाली व डावीकडचे उजवीकडे झाले आहे, हे कागदावर काढून पाहावयास लावावे. यंत्र आपणांस वस्तू जशीच्या तशी दाखवीत नाही, आपल्या रीतीने दाखविते, ही जाणीव मुलास पहिल्याच दिवशी होणे फार हिताचे आहे.

दुसरा धडा मोजण्याचा. काचपट्टीच्या जागी पारदर्शक मोजपट्टी ठेवून चाळीस पटीस किती मिलिमीटर दिसतात ते मोजून ठेवावे. समजा, वर्तुळात चार मिलिमीटर मावले. पुढे कांद्याच्या पापुद्र्यातील दहा पेशी टोकास टोक लावून त्या वर्तुळात मावल्या, तर एका पेशीची लांबी सुमारे ०.४ मिलिमीटर, हा हिशोब पाचवीतील मूलही करील. 'केवढे मोठे दिसले!' या उद्गाराच्या जागी 'किती मोठे आहे?' हा प्रश्न आला, की मूल एक पायरी चढले.

हाताळण्याचे नियम थोडे आहेत, पण ते कटाक्षाने पाळावे. आरंभ नेहमी सर्वांत कमी पटीच्या भिंगाने करावा. नळी खाली नेताना बाजूने पाहावे, आणि डोळा नेत्रभिंगास लावल्यावर ती केवळ वर उचलीत जावे. म्हणजे काच फुटत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याचा सराव करावा. आरशाने उजेड घ्यावयाचा तो आकाशाचा किंवा दिव्याचा. सूर्याचे किरण आरशावर कदापि घेऊ नयेत, कारण त्याने डोळ्यास कायमची इजा होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी वहीत तारीख, वस्तूचे नाव, ती कोठून आणली, किती पटीने पाहिली, हे लिहून पेन्सिलीने चित्र काढावे. चित्र सुंदर नसले तरी चालेल, मात्र न दिसलेले काही त्यात घालू नये.

पाहावयास वस्तू कोणत्या घ्याव्या? पेटीत परदेशी कीटकांचे तयार तुकडे असतात. ते बाजूस ठेवावे. आपल्या परिसरात सामग्रीस तोटा नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरांची जुनी परंपरा आहे. मिठाचा चिमूटभर चुरा पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब काचपट्टीवर वाळू द्यावा. कडेकडेने चौकोनी स्फटिक उमटू लागतात. साखरेचा थेंब असाच वाळवावा व दोहोंची चित्रे शेजारी शेजारी काढावी. चवीवाचून मीठ व साखर ओळखण्याची ही रीत मुलास फार आवडते.

स्वयंपाकघरात तांदूळ व बटाटा असतोच. तांदळाच्या पिठाचा कण आणि चिरलेल्या बटाट्याचा पांढरा रस, दोन्ही पाण्याच्या थेंबात वेगवेगळे पाहावे. बटाट्याचे पिष्टकण मोठे, लांबट व गोलसर असतात. तांदळाचे फार बारीक व कोनदार असतात. आयोडीनचा सौम्य थेंब सोडताच दोन्ही निळेकाळे होतात. मग पेणच्या पोह्यांचा चुरा घेऊन तोही निळा होतो काय, हे मुलानेच ठरवावे. कांद्याच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा आयोडीनमध्ये ठेवला, तर विटांच्या भिंतीसारख्या पेशी व प्रत्येकीत एक गडद ठिपका दिसतो. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात असेच कप्पे पाहिले व त्यांस जे इंग्रजी नाव दिले, त्यालाच आपण आज पेशी म्हणतो.

पेणच्या गणेशमूर्ती सर्वत्र ठाऊक आहेत. तेथील मुलांस शाडूची माती व प्लास्टर यांतील भेद ऐकून माहीत असतो. तो पाहताही येईल. एका जुन्या काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात प्लास्टरची अगदी लहानशी चिमूट टाकून काही वेळ पाहत राहावे. कणांतून सुईसारखे स्फटिक वाढू लागतात व एकमेकांत गुंततात. प्लास्टर घट्ट होते ते यामुळेच. शाडूच्या मातीत असे काही घडत नाही. तिच्यातील पाणी केवळ सुकून जाते. म्हणूनच मातीची मूर्ती पाण्यात पुन्हा माती होते, आणि प्लास्टरची होत नाही. जे कारखान्यात रोज घडते त्याचे कारण काचपट्टीवर असे दिसले, म्हणजे मुलाचा घरच्या धंद्याविषयीचा आदरही वाढतो.

अंगणातील जास्वंदीचे परागकण चाळीस पटीसही काटेरी गोळ्यांसारखे दिसतात. भात फुलोऱ्यावर आला म्हणजे त्याचे परागकण पाहावे. ते लहान, गोल व गुळगुळीत असतात. एकाला काटे आणि दुसऱ्याला ते नाहीत, याचे कारण काय असावे? जास्वंदीवर कोण कोण येऊन बसतात हे आठवडाभर पाहिल्यावर मुलास स्वतःच काही सुचेल. ते सुचले की 'हे तुला दिसले की वाटले?' असे त्याला प्रेमाने विचारावे.

हा प्रश्न केवळ मुलांसाठी आहे असे मात्र नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचा कापडाचा व्यापारी अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक हा विद्यापीठात शिकलेला नव्हता, व त्या काळी विद्वानांची भाषा असलेली लॅटिनही त्यास येत नव्हती. स्वतः घासलेल्या एकाच चिमुकल्या भिंगाने तो नाना वस्तू पाहत असे. मिरी जिभेला का झोंबते, असा प्रश्न त्याला पडला. मिरीच्या कणांना बारीक काटे असावेत व ते जिभेस टोचत असावेत, अशी त्याची कल्पना होती. ती पडताळण्याकरिता त्याने मिरी काही आठवडे पाण्यात भिजत ठेवली आणि १६७६ साली त्या पाण्याचा थेंब पाहिला. काटे मिळाले नाहीत. त्याऐवजी डोळ्यांस न दिसणारे असंख्य सजीव त्यात पोहताना आढळले. त्याने आपली कल्पना सोडली व जे दिसले ते लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. तेथील विद्वानांनीही नुसत्या पत्रावर विश्वास ठेवला नाही. १६७७ साली हूकने तसेच मिरीचे पाणी करून साक्षीदारांसमक्ष ते जीव दाखविले, तेव्हाच ती गोष्ट मान्य झाली. आपल्या कोकणातील बागांत वेलीवर लोंबणाऱ्या मिरीने जगास एवढा मोठा धडा दिला आहे. मिरीच्या पाण्याचा हा प्रयोग मुलांनी घरी जरूर करावा. तथापि ते पाणी कोणी तोंडात घालू नये, आणि नंतर हात साबणाने धुवावे.

आता सर्वांत जबाबदारीची गोष्ट सांगावयाची आहे. यंत्र घरी आले की मूल पाण्याचा थेंब पाहणारच. डबक्यातील हिरव्या पाण्यात शेवाळाच्या धाग्यातील हिरवी नागमोडी फीत, चपलेच्या आकाराचे पळणारे पॅरामिशियम, असे पुष्कळ दिसेल. मग ते पिण्याच्या पाण्याचा थेंब पाहील. येथे दोन प्रकारच्या भुली पडतात. पहिली अशी की, काळ्या जाड कडेचे गोल वर्तुळ दिसते व मूल 'जंतू सापडला!' म्हणून ओरडते. तो बहुधा हवेचा बुडबुडा असतो. तो आपण होऊन हलतो काय, वरची पातळ काच हळूच दाबल्यास आकार बदलतो काय, हे पाहिले म्हणजे निकाल लागतो. ही भूल हसण्यावारी नेता येईल.

दुसरी भूल मात्र जिवाशी खेळ करणारी आहे. विहिरीच्या पाण्याच्या थेंबात काहीच दिसले नाही, म्हणून 'आमचे पाणी स्वच्छ आहे' असा निष्कर्ष घरातील मोठी माणसेही काढतील. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. पटकीचे जंतू मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे असतात. मुलांच्या यंत्राने ते ओळखता येत नाहीत, आणि पाण्यात ते विरळ असले तर एका थेंबात सापडणारही नाहीत. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता जॉन स्नो या डॉक्टराने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी तपासले. त्यात घाण इतकी थोडी आढळली की, तोही क्षणभर निष्कर्ष काढण्यास कचरला. परंतु तो तेथे थांबला नाही. मृतांची यादी मिळवून कोण कोठले पाणी पीत होते याची त्याने घरोघर चौकशी केली. तेव्हा दोष त्याच पंपाकडे येत असल्याचे उघड झाले व पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचा जंतू निश्चित ओळखून दाखविण्याचे काम रॉबर्ट कोख याने पुढे १८८४ साली कलकत्त्यास केले. म्हणजे भिंगात काही न दिसणे हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. 'दिसले नाही' आणि 'नाही' या दोन वाक्यांतील अंतर ज्या मुलास कळले, ते पावसाळ्यात घरच्यांस पाणी उकळून पिण्यास सांगेल, आणि का उकळावे हेही सांगेल.

उलट जे आपल्या भिंगास दिसते त्याचा उपयोग अवश्य करावा. अंगणातील टाकून दिलेल्या करवंट्या व टायर यांत साचलेले पाणी पसरट पांढऱ्या भांड्यात घेऊन हातभिंगाने पाहावे. डासांच्या काही अळ्या डोके खाली करून पृष्ठभागापासून तिरप्या लोंबतात. काही पृष्ठभागास समांतर आडव्या राहतात. या आडव्या अळ्या हिवताप पसरविणाऱ्या डासांच्या जातीच्या होत. रोनाल्ड रॉस याने १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबाद येथे त्याच जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची खूण शोधून काढली. उकाड्यात घामाने त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते व नेत्रभिंगास तडा गेला होता. तरी तो पाहत राहिला. तिरप्या लोंबणाऱ्या अळ्यांतही डेंग्यू पसरविणाऱ्या जातीच्या अळ्या असू शकतात. यास्तव चित्र काढून झाले की दोन्ही प्रकारच्या अळ्यांचे पाणी कोरड्या जमिनीवर ओतून द्यावे.

पालकांच्या दोन शंका येथे येतील. पहिली खर्चाची. मुलास चांगली दृष्टी देण्यास भारी यंत्र लागते असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे, मीरत येथे जन्मलेले मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी कागदाच्या घड्या घालून तयार होणारा 'फोल्डस्कोप' नावाचा सूक्ष्मदर्शक २०१४ साली जगापुढे मांडला. त्यात ल्युवेनहॉकप्रमाणेच एक चिमुकले भिंग असते, आणि सामग्रीचा खर्च एका डॉलरहूनही कमी येतो असे त्यांनी दाखविले. शंभराहून अधिक पटीचे हे साधन शाळेच्या दप्तरात मावते. चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले तरीही चालेल. पाहणाऱ्यांत मतभेद झाला तर तो लाभच समजावा.

दुसरी शंका अशी की, या छंदाने पुढे पोट भरेल काय? या शंकेस रोह्यानेच उत्तर दिले आहे. ज्यांचे बालपण रोह्यास गेले ते चिंतामणराव देशमुख केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवीधर झाले. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही त्यांनी मिळविले. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व १९५० साली देशाचे अर्थमंत्री. नीट पाहणे, मोजणे व पुराव्यावाचून न बोलणे ही सवय कोणत्याही धंद्यात वाया जात नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांस एक विनंती. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. आईवडील कामात असतात. तेव्हा दादा किंवा ताई या नात्याने आठवड्यातून एक तास त्यांच्याबरोबर बसा. भिंग आधी त्यांच्या डोळ्यास लावू द्या. त्यांनी काही विचारले व तुम्हांस ठाऊक नसले, तर लाजू नका, आणि काहीतरी सांगून वेळही मारून नेऊ नका. 'मला माहीत नाही. आपण पाहू या' असे म्हणा, वही उघडा, वर तारीख घाला, आणि पाहावयास बसा.